सात नंबरची पिशवी

सोळा सालच्या दुष्काळात मी वाळूजला गालिच्याचं सूत काढणाऱ्या कारखान्यात होतो. मशिनांतून उडणारे तंतू आधी पाण्याच्या फवाऱ्यात बसायचे. टँकर बंद झाले आणि सगळा भार कापडी पिशव्यांवर आला. माणसाच्या उंचीच्या बारा पिशव्या, छताला टांगलेल्या. पंखा चालू असला की फुगून धूळ अडवायच्या, बंद केला की गळायच्या. मग मी त्या काठीनं झटकायचो. नव्या कॉलन्या भिंतीला येऊन भिडल्या होत्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर तंतू पडले की लोक भांडायला गेटवर यायचे.

माझी बायको मुक्ता याच कारखान्यात अठरा वर्षं लोकर पिंजायला होती. आता घरी पडून होती. दोन आखूड श्वास, एक लांब, मग खोकला. डॉक्टरांनी हात टेकले होते.

एका दुपारी पंखा बंद केला. अकरा पिशव्या गळाल्या. सातवी हलत राहिली.

दोन आखूड. एक लांब.

हात लावला. कापड कोमट होतं.

"मामा, सात नंबर फाटलीय," सुपरवायझर हिमांशू आत येत म्हणाला. "धुराड्यातनं तंतू उडतायत. उद्या तपासणी आहे. तिचं तोंड बांधून टाका."

"साहेब, ती श्वास घेतीय."

"मग काय, सलाईन लावू का तिला?" हसत त्यानं तळहात टेकवला. हसणं तिथंच थांबलं. हात तो बराच वेळ पँटीला पुसत राहिला. "बांधा म्हटलं ना!"

मी दोरी आवळली.

खिशात फोन वाजला. नात विशाखा रडत होती. "आबा, आजी काळीनिळी पडली! लवकर या!"

मी दोरी कापली.

"आबा... उठून बसली. पाणी मागतीय."

पिशवी उतरवली, तोंड उघडं ठेवून खांद्यावर टाकली आणि घर गाठलं. हिमांशू गेटपर्यंत मागं आला, पण जवळ आला नाही.

मुक्ता भाकरी थापत होती. खोकला नव्हता. "आज लई हलकं वाटतंय," म्हणाली.

मी तिच्या नाकापुढं बोट धरलं.

काही लागलं नाही.

"मेले का काय, बघताय?" ती हसली. "सरका, भाकर करपंल."

खांद्यावरची पिशवी फुगली.

नऊ वर्षं झाली. पिशवी आतल्या खोलीत आढ्याला टांगलेली आहे. मुक्तानंच तिला ठिगळ लावलं; पिशवी कशाची, ते तिनं विचारलं नाही. मुक्ता बाजारात जाते, जेवते, माझ्याशी भांडते. तिच्या छातीकडं मी बघत नाही.

काल सकाळपासून पिशवी खोकतेय.