शाळेच्या मागची भिंत

"‘आमच्या शाळेला चारही बाजूंनी भक्कम भिंत आहे’, हे पहिलंच वाक्य टाक!" अभिनंदन म्हणाला.

"पण मागची भिंत पावसाळ्यात पडलीया की!" तेजस्वी म्हणाली.

"मॅडमनी सांगितलंय तसं लिही. स्पर्धेला पाठवायची शाळेची ओळख हाय ही. पडकी भिंत कशाला दाखवतीस?"

दिवाळीचा पाडवा होता. कोल्हापूरच्या वेशीवरच्या त्या सरकारी हायस्कूलमध्ये मुलंमुली एकत्र शिकायची, आणि सुट्टीत परसबागेला पाणी घालायची पाळीही दोघांना सारखीच यायची. आज नववीतल्या या दोघांची पाळी होती. शेपूट म्हणून तेजस्वीचा धाकटा भाऊ गुंडूही आला होता. तो आत नळावर बादली भरत होता आणि ही दोघं रस्त्यावर येऊन शाळेच्या फाटकाचा फोटो काढत होती.

एवढ्यात शिपाई कृष्णातमामा धापा टाकत बाहेर आले. त्यांनी धाडकन फाटक लावलं आणि कुलूप ठोकलं!

"मामा, काय झालं?"

"जोतीरामाची म्हैस घुसलीया आत! मक्यात काळी पाठ दिसली. मका पार तुडवलीया. सजवताना दावं तोडून पळाली असणार. थांबा, त्यालाच घेऊन येतो!"

"अहो मामा, गुंडू आत हाय!"

पण मामांची सायकल केव्हाच वळणाआड गेली होती, आणि किल्ली त्यांच्या खिशात!

तेजस्वी आधी फारशी घाबरली नाही. गल्लीतल्या जोतीरामकाकांची म्हैस गरीब होती. मग इमारतीमागून ते जनावर बाहेर आलं आणि तिनं फाटकाचे गज घट्ट पकडले.

पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा थाट काय विचारता! रंगवलेली शिंगं, त्यांना मोरपिसं, गळ्यात घुंगरं, आणि मग मोटरसायकलीमागं त्यांची शर्यत! या जनावराची शिंगं कोरी होती. गळ्यात साधी घंटासुद्धा नव्हती. खांदा वर्गाच्या खिडकीपर्यंत पोचत होता, आणि चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यासारखे!

"अभ्या... म्हैस न्हाय ती. गवा हाय!"

गुंडू पाण्याच्या टाकीशेजारी बादली धरून थिजला होता. त्याच्या आणि फाटकाच्या मधोमध गवा उभा होता.

अभिनंदनने वडिलांच्या मोबाइलवरून वनखात्याला फोन लावला. "आम्ही निघालोय," पलीकडून आवाज आला. "आरडाओरडा होऊ देऊ नका. वाट मोकळी दिसली की तो आपणहून जाईल!"

सांगणं सोपं होतं. गवा आलाय म्हटल्यावर अख्खी गल्ली लोटली. भिंतीवर माणसं चढली, मोबाइल उंचावले, शिट्ट्या सुरू झाल्या. मागच्या पडक्या भिंतीशी तर नुसती झुंबड! गव्याची वाटच बुजली. म्हशी पळवायला सायलेन्सर काढून आणलेल्या मोटरसायकली पोरांनी तिथंच रेस केल्या.

गवा फुरफुरला. खुरानं माती उडवू लागला. गुंडूच्या हातून बादली निसटली. खण्णऽऽ! गवा गर्रकन टाकीकडे वळला.

"बाजूला व्हा की हो! माझा भाऊ आत हाय!" तेजस्वी किंचाळली.

"थांब गं पोरी, व्हिडिओ काढतोय!"

तेजस्वीला रडू फुटलं. भीतीनं फुटलं, आणि त्याहून जास्त संतापानं. ही माणसं हलणार कशानं? पाडव्याला कोल्हापूरकर गवासुद्धा सोडून धावेल असं काय आहे? तिनं डोळे पुसले आणि अभिनंदनच्या कानात काहीतरी सांगितलं. तो मागच्या बाजूला पळाला.

"चौकात म्हशी सुटल्याऽऽ!" त्याची आरोळी उठली. "जोतीरामकाकांनी गाडीमागं पळवायला काढल्या!"

"आं? आमच्याबिगर?"

मोटरसायकली गर्रकन फिरल्या. त्यांच्यामागे गर्दी धावली. बघता बघता भिंत मोकळी झाली.

आता शांतता पसरली, आणि तीच जास्त भयंकर वाटू लागली. फाटकातून तेजस्वीनं ओठांवर बोट ठेवलं. हलू नकोस, गुंड्या! गव्याचा श्वास तिला ऐकू येत होता. तो एक पाऊल टाकीकडे सरकला. त्यानं हवा हुंगली. गुंडूनं डोळे गच्च मिटले. तेजस्वीला ओरडावंसं वाटत होतं, पण तिनं ओठ घट्ट मिटून गज धरून ठेवले.

गव्यानं मान वळवली. पडक्या भिंतीपलीकडे हिरवागार ऊस दिसत होता. तो विटांवरून सावकाश चालत गेला आणि उसात दिसेनासा झाला.

तेजस्वी फाटकावरून उडी मारून आत धावली.

"ताई, पाणी सांडलं गं," गुंडू कसाबसा म्हणाला. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याला घट्ट धरून रडली.

थोड्या वेळानं वनखात्याची गाडी आली, मुख्याध्यापिका दीपा मॅडम आल्या आणि कृष्णातमामाही परतले. त्यांच्यासोबत नटलेली म्हैस घेऊन जोतीरामकाका होते.

"ही बघा माझी म्हैस! मी आपला चौकात तिला पळवत होतो. न सांगता एवढी गर्दी कशी जमली, कळंना!"

अभिनंदननं तेजस्वीची युक्ती सगळ्यांना सांगितली. मामांनी मान खाली घातली. "चुकलं पोरांनो. आत बघायला पायजे हुतं."

"गर्दी हलली म्हणून हा पोरगा वाचला," वन अधिकारी म्हणाले. "शाब्बास पोरांनो!"

मॅडमनी दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. "मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं! शाळेची ओळख लिहून झाली का?"

"पहिल्याच वाक्यावर अडलंय, मॅडम," तेजस्वी म्हणाली. "ते खोटं आहे."

मॅडम त्या खिंडारापाशी जाऊन आल्या.

"खोड ते. ‘आमच्या शाळेची मागची भिंत पडली आहे’ असं लिही. आधी ते घेऊन मी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाते, भिंत बांधून मागते. स्पर्धेचं मागून बघू."

तेजस्वी लिहायला बसली. गुंडूनं तिचा डावा हात अजून सोडला नव्हता.