साडेबाराची गाडी

"बाई, दार लावू नका!"

दवाखान्याच्या दाराला कडी घालता घालता मी थबकले. समोर एस.टी.चा कंडक्टर – खाकी शर्टावर धूळ, कमरेशी तिकिटांची पेटी, आणि हाताला धरलेली एक म्हातारी. त्याचे डोळे मात्र... असू दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

"दवाखाना बाराला बंद होतो," मी म्हटलं.

"आन् आमची गाडी येती साडेबाराला. ही शालूबाई दोनदा माघारी गेलीया. क्षयाची सुई हाय, बाई. चुकवून कसं चालंल?"

कवठे महांकाळच्या त्या सरकारी दवाखान्यात मी नवीनच नर्स होते. क्षयाचं औषध मध्येच तुटलं की आजार उलटतो, मग कुठल्याच औषधाला बधत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. खेड्यांवरून येणारी गाडी ही एकच. म्हणजे रोगी यायचा, आमचं कुलूप बघून परत जायचा... आणि आम्ही म्हणायचो, खेड्यातली माणसं औषध नीट घेत नाहीत!

मी स्टोव्ह पेटवला, सुई उकळत ठेवली. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला. कंडक्टर चौकटीला टेकून हसत होता. आधी डोळेच हसायचे त्याचे, ओठ मागून. नाव आकाराम.

मग दर सोमवारी आणि गुरुवारी माझी आवराआवर उगीचच लांबू लागली.

"आज कोण आजारी?"

"हे कोंडीबा मामा. आन्... जरा मीबी."

"तुम्हाला काय झालंय?"

"त्ये तुमीच वळखा की!"

माझे कान तापायचे. स्पिरिटचा वाससुद्धा मला गोड लागायला लागला होता. वेड, दुसरं काय!

एके दिवशी डॉक्टरांनी धरलंच. "उमा सिस्टर, असं चोरून दार किती दिवस उघडं ठेवणार? उद्या तुमची बदली झाली तर त्या म्हातारीच्या सुईचं काय?"

"मग वेळच बदलू या, सर." मी हट्टच धरला.

कुरकुरत का होईना, ते कबूल झाले. सोमवारपासून दवाखाना दुपारी एकला उघडणार. आकारामला मी मुद्दाम सांगितलं नाही. त्याचा चेहरा बघायचा होता ना मला!

सोमवारी सकाळी मी क्वार्टरच्या अंगणात केस वाळवत होते – आणि रस्त्यावर लाल गाडी! ओलेच केस गुंडाळून धावले. आकाराम मोठ्या ऐटीत खाली उतरला. मागे शालूबाई, कोंडीबा मामा आणि अर्धी गाडी भरून रोगी.

"डेपोतल्या सायबांच्या मागं लय लागलो. आता गाडी खेड्यात मुक्कामी ऱ्हाती, सकाळीच येती. बराबर तुमच्या दवाखान्याच्या टायमाला!"

"अहो... आजपासून आम्ही दुपारी उघडतो. तुमच्याच गाडीसाठी!"

आधी शालूबाई हसली, मग सगळेच. गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले, सगळा प्रकार कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "ती दारावरची वेळेची पाटी पुसा. लिहा – गाडी आली की दवाखाना उघडेल."

कुलूप काढता काढता मी हळूच विचारलं, "मुक्कामाची ड्युटी कुणी घेतली?"

"मीच. साताऱ्याची मिळत हुती, घराजवळची... नको म्हनलो."

"शालूबाईंसाठी?"

"नुसतं तसं म्हनलं... तर अर्धं खोटं हुईल."

किल्ली कुलपातच राहिली. माझाच आवाज मला ओळखू येईना. "वेळ मी सगळ्यांसाठी बदलून घेतली. पण गाडीची वाट... एकाच माणसासाठी बघते."

तो पेटीवर बोटं फिरवत राहिला. "सांगलीला तुमच्या वडलांस्नी भेटाय येऊ?"

"रविवारी घरीच असतात ते."

"आगं पोरी," मागून शालूबाई करवादली, "आदी माजी सुई टोच. लगीन काय पळून जातंय व्हय?"

मी सुई टोचली. लक्ष दाराशी उभ्या खाकी शर्टाकडे होतं, पण म्हातारीनं हूं की चूं केलं नाही.