कचऱ्यातली कुजबुज

"मामा, कुजबुजही काढायची, टाळ्याही काढायच्या! मग ती मैफल कसली?" शंका म्हणाली.

"गिऱ्हाइकाला हवंय तसं करायचं," मामा हेडफोन उतरवत म्हणाला. "पाचला येतील ते. तोवर चहा टाकतो."

लोकांनी मैफलीत बसल्या जागी टेप केलेल्या जुन्या कॅसेटी मामा घरीच, मागच्या खोलीत साफ करायचा. सुट्टीसाठी आलेल्या तिन्ही भाचरांना त्याचं काम एव्हाना पाठ झालं होतं. थोरलीचं टोपणनाव शंका, कारण तिला दूधवाल्याचासुद्धा संशय यायचा. मधला चष्मेवाला भिंग. आणि धाकटा टिंगू, जो कधीच स्वस्थ बसत नसे.

"कॅसेट द्यायला आले तेव्हा ते कोटवाले काका काय म्हणाले, आठवतंय?" शंका कुजबुजली. "'मीच टेप केलीय, माझ्याच नावानं बाजारात येणार. मूळ कॅसेट परत द्या, बाकी सगळं पुसून टाका!' एवढी घाई कशाला? कुठंतरी पाणी मुरतंय!"

"तुला आरशातही चोर दिसतो!" भिंग म्हणाला.

पण शंकानं तोवर संगणकावरची 'कचरा' नावाची फाइल उघडली होती. काढून टाकलेले आवाज मामा त्यात ठेवायचा आणि गाण्याचा तुकडा चुकून गेला नाही ना, हे ऐकून पाहायचा. आज मात्र घाईत त्यानं ते ऐकलंच नव्हतं.

खरखर, खोकला, टिकटिक... आणि गाण्याखाली दबलेला एका बाईंचा आवाज आता स्पष्ट आला, "अहो, ते घड्याळ खिशात घाला! टेपमध्ये टिकटिक येईल!"

"हं हं! दुकान बंद केलं तरी घड्याळं पाठ सोडत नाहीत!" कुणीतरी हसत म्हणालं.

"कोपऱ्यावरचे घड्याळवाले आजोबा!" टिंगू ओरडला. "मामाचं घड्याळ आणायला गेलो होतो, तेव्हा अगदी अस्सेच हसले!"

"पण आजी तर वारल्या ना?" भिंग हळूच म्हणाला. "म्हणजे... आपण आजींनाच पुसतोय?"

शंकाला रडूच आलं. मग तिनं डोळे पुसले. "टिंगू, पळ! आजोबांना घेऊन ये!"

पाचच्या ठोक्याला कोटवाले काका हजर झाले.

"काका, मैफलीला तुमच्यासोबत कोण होतं?" शंकानं साळसूदपणे विचारलं.

"कोणी नाही. एकटाच होतो."

"मग या कोण?" भिंगनं 'कचरा' लावला. "अहो, ते घड्याळ..."

दारात धापा टाकत उभ्या असलेल्या आजोबांनी चौकट घट्ट धरली. कोटवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"माझी कॅसेट दोन दिवसांसाठी म्हणून नेलीत," आजोबा म्हणाले. "तीन वर्षं झाली! विचारलं की म्हणायचात, हरवली. तिचा आवाज दुसऱ्या कशातच नाही हो माझ्याकडे!"

कोटवाले पायऱ्या उतरून गेले. मामानं कॅसेट आजोबांच्या हातात ठेवली आणि खजील होऊन भाचरांकडे पाहिलं. "मी नुसतं गाणं ऐकत बसलो. खरं ऐकलंत ते तुम्ही! शाबास रे पोरांनो!"

मग तो आजोबांकडे वळला. "तुम्हाला साफ करून देऊ का? एक पैसा घेणार नाही."

आजोबांनी मान हलवली. "गाणं राहू दे तसंच. तो कचरा पुन्हा एकदा लावतोस?"