वास गेला, वर या

आधी कोडं.

एका बंद टाकीत माणूस उतरला आहे. आत सडलेल्या अंड्यांसारखा वास आहे. थोड्या वेळानं तो खालून ओरडतो, "वास गेला!"

आता सांगा, टाकीतली हवा सुधारली की बिघडली?

सुधारली म्हणालात? टाकीत उतरलेले मयेकर काकाही तेच म्हणाले होते.

मंडपात

कुरणखाडीच्या रसायन कारखान्यात सुरक्षा सप्ताहाचा समारोप होता. कामगारांच्या छातीवर हिरवे बिल्ले, पाहुण्यांसाठी गुबगुबीत खुर्च्या. सहावीतली शरयू तांडेल घोषवाक्य स्पर्धेतलं तिसरं बक्षीस घ्यायला आली होती. तिचे बाबा, दामोदर तांडेल, याच कारखान्यात सांडपाण्याच्या विभागात कामाला होते.

पहिल्या रांगेशेजारी नाक्या उभा होता. नाक्या म्हणजे चाकांवर फिरणारा, कमरेएवढा यंत्रमानव. कुठल्याही टाकीत माणूस उतरण्याआधी नाक्याचा संवेदक (वायू ओळखून त्याचं प्रमाण मोजणारा भाग) तारेनं आत सोडायचा, असा नियम होता. प्रमाण जास्त निघालं की त्याचा भोंगा अख्ख्या वसाहतीला ऐकू जाई.

आज नाक्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती.

"तुझा भोंगा कुठंय रे?" शरयूनं विचारलं.

"भाषणांत व्यत्यय नको म्हणून काढण्यात आला आहे," नाक्या म्हणाला. तो नेहमी पुस्तकातल्यासारखं बोलायचा. "आज मला पाहुण्यांना नमस्कार करण्याचं काम आहे. सर्वांनी माझ्यासोबत फोटो काढले."

पाहुण्यांसाठी आणखीही एक काम चाललं होतं. मंडपामागच्या सांडपाण्याच्या टाकीतून दुर्गंधी येत होती. पाहुणे जेवायला बसायच्या आत टाकीतला गाळ काढा, असं नाबर साहेबांनी सकाळीच फर्मावलं होतं. नाबर साहेब म्हणजे कारखान्याचे सुरक्षा अधिकारी.

ही छपाईची चूक नाही. सुरक्षा अधिकारीच.

"शरयू," नाक्या हळूच म्हणाला, "मागच्या बाजूनं हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू येत आहे. आकडा चढतो आहे. अग्निशमन दलाला मी संदेश पाठवला आहे. मला ओरडता येत नाही. तुम्हाला येतं."

शरयू धावली. माळेसकट नाक्याही तिच्यामागे गडगडत निघाला.

टाकीपाशी

जमिनीत एक चौकोनी तोंड आणि त्यातून खाली जाणारी लोखंडी शिडी. खाली बाबांचे जुने सोबती मयेकर काका नाकावर रुमाल बांधून फावड्यानं गाळ उपसत होते. वर बाबा बादली ओढत होते. दोर बादलीला बांधलेला होता, काकांना नव्हता.

"काय रे नाक्या, हार घालून आलास? लग्न ठरलं काय?" काका खालून म्हणाले.

"मयेकर, वर या. हवा घातक आहे."

"तुला नाक तरी आहे का? माझं नाक या वासात मुरलंय. आणि मघाशी होता वास, आता कुठंय? दाम्या, वास गेला बघ!"

"वास गेला असेल, तर आत्ताच्या आत्ता वर या!" नाक्या म्हणाला.

काका हसले. हसू मध्येच तुटलं. फावडं पडल्याचा आवाज आला. मग त्याहून जड काहीतरी पडलं.

"मयेकर!" बाबांनी दोर टाकला आणि शिडीवर पाय ठेवला.

थांबा

बाबांचा एक पाय शिडीवर आहे, दुसरा जमिनीवर. शरयूनं मागून त्यांचा पट्टा धरला आहे. त्यांना तसंच राहू द्या. नंतर कितीतरी संध्याकाळी नाक्यानं शरयूला जे समजावलं, ते तुम्हाला इथेच कळायला हवं.

टाकीच्या तळाशी गाळ साचतो. त्यात हवा पोचत नाही. तिथे असे जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) वाढतात, ज्यांना जगायला प्राणवायू लागत नाही. ते गंधकाचे क्षार वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा वायू सोडतात. तो गाळात अडकून राहतो. सोड्याची बाटली हलवून उघडली की काय होतं? तसंच गाळात फावडं मारलं की होतं. वायू भसकन बाहेर येतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खड्ड्यात साचतो.

"पण वास का जातो?" शरयूनं विचारलं होतं.

"तुमच्या घरी सुके बोंबील भाजतात तेव्हा पाहुणे नाक दाबतात. तुम्हाला काही वाटत नाही. का?"

"सवय झालीय आम्हाला."

"बरोबर. पण टाकीत घडतं ते वेगळं. हा वायू वाढला की वास ओळखणारी नस बधिर होते. दहा लाख तांदळाच्या दाण्यांत शंभर दाणे काळे असावेत, इतका जरी तो हवेत मिसळला, तरी थोड्याच वेळात नाक गप्प होतं. त्याहून जास्त असेल तर लगेच. म्हणजे जेव्हा ओरडायला हवं, नेमकं तेव्हाच नाक मुकं होतं."

"तुझ्या भोंग्यासारखं," शरयू म्हणाली.



पुन्हा शिडी

"सोड मला!" बाबा ओरडले. "मयेकर आहे तो! माझा मयेकर!"

"बाबा, नको जाऊ! वास गेलाय!"

"गेलाय ना? मग सोड की!"

पाहिलंत? एकच वाक्य. तिच्यासाठी त्याचा अर्थ मरण, त्यांच्यासाठी दिलासा.

नाक्या शिडीच्या तोंडावर आडवा झाला. "तांडेल, आपण आत दोन श्वास घेतले तर तिसरा घेऊ शकणार नाही. रुमालानं धूळ अडते, वायू अडत नाही. शरयू, वडिलांना वारा येतो त्या दिशेला ओढा. टाकीच्या तोंडापासून लांब."

बाबांनी शरयूच्या कानफटात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं पट्टा सोडला नाही. ती जमिनीवर बसली, मग आडवी झाली आणि सगळं वजन टाकून त्यांना मागे ओढत राहिली.

अग्निशमन दलाचे जवान आले. पाठीवर हवेचे सिलिंडर, तोंडावर घट्ट मुखवटे, कमरेला दोर. वर एक जण फक्त दोर धरून, नजर ठेवून उभा. त्यानं काहीही झालं तरी आत जायचं नसतं. त्यांनी काकांना वर काढलं तेव्हा मंडपातल्या कर्ण्यावर सुरक्षेची शपथ चालू होती. शेकडो माणसं एका सुरात म्हणत होती, "मी प्रतिज्ञा करतो की..."

काका वाचले नाहीत.

यानंतर गोष्ट संपायला हवी होती

पण वसाहतीत लोक बोलतातच. तांडेलच्या पोरीनं बापाला धरून ठेवलं, नाहीतर मयेकर वाचला असता. शरयू पाणी भरायला गेली की नळावरच्या बायका गप्प व्हायच्या. बाबा तिच्याशी कामापुरतं बोलायचे. जेव, झोप, दार लाव.

एकदा मयेकर काकू स्वतःच आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"शरू, खरं सांग. भावजींना का धरलंस गं? ते उतरले असते तर आमचे हे..."

नाक्या त्या संध्याकाळी शरयूकडेच होता. पण बोलली तीच. गाळ, वायू, नाकाची नस, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "काकू, हा वायू शरीरात गेला की पेशींना (शरीराच्या अगदी बारीक घटकांना) प्राणवायू वापरताच येत नाही. समोर ताट आहे आणि तोंड शिवलंय, असं होतं. अशा टाक्यांमध्ये पहिला माणूस पडतो, मग त्याला वाचवायला दुसरा जातो, दुसऱ्यासाठी तिसरा. जगात सगळीकडे असंच झालंय. बाबा उतरले असते तर जवानांना दोघांना काढावं लागलं असतं."

"म्हणजे हे वाचले नसतेच?"

शरयूनं नाक्याकडे पाहिलं. नाक्या खोटं बोलू शकत नव्हता. "त्यांना आधीच वाचवता आलं असतं," तो म्हणाला. "सकाळी तारेनं माझा संवेदक आत सोडला असता, पंख्यानं ताजी हवा भरली असती, किंवा दोर बादलीऐवजी त्यांना बांधला असता तर. ते पडल्यावर मात्र तांडेल काही करू शकले नसते."

काकूंनी नाक्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "याचा भोंगा कोणी काढला?"

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकासमोर उभं राहून त्यांनी तोच प्रश्न मोठ्यानं विचारला. उत्तर आलं नाही. त्यानंतरच्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. तेव्हा नळावरच्या दोघी त्यांच्यासोबत होत्या. चौकशी समिती नेमतो, असं कारखान्यानं कळवलं. समितीचे अध्यक्ष नाबर साहेब. मग तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा फाटकासमोर अख्ख्या पाळीचे कामगार उभे होते, आणि टाकीत उतरायच्या आधी हवा मोजल्याशिवाय कोणी शिडीला हात लावणार नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

बाबाही गेले होते. परत आले आणि शरयूशेजारी पायरीवर बसले.

"बाबा, अजून रागावलायस माझ्यावर?"

"हो."

"खूप?"

"मयेकर खाली होता आणि मी वर उभा राहिलो. ते तुझ्यामुळे. तो राग जायचा नाही, शरू." त्यांनी तिच्या गालावर, मारलं होतं तिथे, हात ठेवला. "पण रागवायला मी उरलोय ना."