सोबत कोण?

"तिसऱ्या ओळीत कंस बंद करायचा राहिलाय."

जर्मनीतल्या आखनच्या बसमध्ये, कानामागून, आणि चक्क मराठीत! उर्जाने दचकून मान वळवली. मागच्या सीटवर भिजलेल्या जॅकेटातला एक उंच मुलगा तिच्या लॅपटॉपकडे बोट दाखवता दाखवता ओशाळला होता.

"सॉरी हं... स्क्रीनवर 'दिवाळी स्नेहभोजन' वाचलं, राहवलं नाही."

तिने कंस घातला. सकाळपासून रुसलेलं बटण मुकाट्याने चालू लागलं.

"पण एका कंसासाठी सगळंच का अडतं?"

"ते सांगेपर्यंत माझा स्टॉप येईल."

"मग नका उतरू!"

आणि तो खरंच उतरला नाही.

उर्जा इथे धातुशास्त्र शिकत होती. मराठी मंडळाच्या बैठकीत 'नोंदणीचं वेबपेज मी करते' असं तिने ठोकून दिलं होतं, आणि आता जावास्क्रिप्टचा श्रीगणेशा करताना तिच्या नाकी नऊ आले होते. बसमधला तो मुलगा, यशोधन, त्याच कामात मुरलेला. मग दर शनिवारी दोघं लायब्ररीच्या कॅफेत बसू लागले. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा, फंक्शन म्हणजे एकदा लिहून ठेवायची आणि हवी तेव्हा करायची पाककृती... तिचं उत्तर बरोबर आलं की तो टेबलावर टिचकी मारून म्हणे, "गेनाऊ!" – अगदी बरोबर. त्या एका शब्दासाठी उर्जा हल्ली घरी सराव करायची.

"सोबत येणाऱ्यांची नावंही विचार फॉर्ममध्ये," तो एकदा म्हणाला.

"कशाला नसत्या चौकशा? आकडा पुरे."

ऑक्टोबरात यशोधनला दूरच्या झिंडेलफिंगेन शहरात नोकरी लागली. निरोप द्यायला ती स्टेशनवर गेली, पण दोघंही हवापाण्याचंच बोलत राहिले.

"येशील ना दिवाळीला?" गाडी सुटता सुटता तिने विचारलं.

"नोंदणी करीन की!"

चार दिवसांनी नोंद आली. यशोधन. माणसं – दोन.

दोन? दुसरी कोण? जी मुलगी कंसालाही 'का' विचारायची, तिला हे मात्र विचारता येईना. आपण प्रेमात पडलोय हे तिला त्या आकड्याने कळलं आणि वेडीला रडूच कोसळलं.

तिसऱ्या दिवशी तिने फॉर्ममध्ये नवा रकाना घातला – 'सोबत कोण?' तो भरल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये अशी अटही लिहिली, कुणाच्या मदतीविना. आणि सगळ्यांना मेल धाडली: कृपया पुन्हा नोंदणी करावी.

मंडळाच्या अध्यक्ष वसुधाताईंचा फोन आलाच. "अगं, त्रेसष्ट कुटुंबांना परत कशाला भरायला लावतेस?"

"टेक्निकल कारण आहे, ताई," उर्जा म्हणाली. कान मात्र तापले होते.

दिवसभर नोंदी येत राहिल्या. सोबत सासूबाई, सोबत जुळी मुलं... आणि मग यशोधन. माणसं – दोन. सोबत कोण?

'उर्जा. संयोजकांची नावं यादीत कुणीच घालत नाही. गेल्या वर्षी सगळ्यांना वाढून तू उपाशी परत गेलीस, पाहिलं होतं मी.'

गेल्या वर्षी! तिने घाईघाईने फोन लावला.

"म्हणजे त्या दिवशी बसमध्ये... कंस बघून नाही..."

"कंसाचं निमित्त झालं. तुला ओळखूनच मागे बसलो होतो."

"आणि एवढे शनिवार गप्प बसलास?"

"तू जगातलं सगळं विचारायचीस, उर्जा... हेच तेवढं विचारलं नाहीस."

तिने एक मोठा श्वास घेतला.

"मग आता विचारते. आवडते मी तुला?"

पलीकडे टेबलावर टिचकी वाजली.

"गेनाऊ."