अकरावं लाकूड

"मेलेल्या पोरीचं नाव पुकारलंत तर ही पळी तुमच्या डोक्यात घालीन, उस्ताद!"

"हळू बोल, तूदा. पोरं ऐकतायत."

"ऐकू देत की! त्यांनाच तर खोटं बोलायला शिकवताय!"

पळी हातात घेऊन उभी होती ती माझी सख्खी बहीण, तूदाताई. समोर उस्ताद जलाल, आमच्या गावच्या शाळेचे एकुलते एक मास्तर.

हे खरं घडलंय. पटत नसेल तर इथंच थांबा, मी कुणाच्या पाया पडायला बसलेलो नाही. याच जानेवारीतला मंगळवार. मोरोक्कोच्या अ‍ॅटलास डोंगरातलं आमचं गाव, आयत वारदा. अंधार नव्हता, अमावस्या नव्हती. दिवसाढवळ्या झालं.

शाळा म्हणजे एक खोली. मागं पडवी, तिथं ताई पोरांसाठी मसूर शिजवते.

नियम असा होता... अकरा पोरं असली तर शाळा राहणार. दहा झाली की कुलूप. मग खिंडीपलीकडची शाळा, चौदा किलोमीटर. गावात शाळा नव्हती तेव्हा मी दोन महिने गेलो तिथं. मग शाळाच सोडली. ताईची पोर रक्या तर सात वर्षांची. ती दोन दिवससुद्धा टिकली नसती.

ताईला स्वतःला एक अक्षर येत नाही. रक्यानं पहिल्यांदा पाटीवर 'तूदा' लिहून दाखवलं तेव्हा ती चुलीपाशी जाऊन रडली. वर म्हणे धूर गेला डोळ्यात. चूल तर पेटलेलीच नव्हती.

आणि अकरावी पोर होती इत्तो.

डिसेंबरात बर्फ पडत असताना ती घरातून शाळेला निघाली.

पोचलीच नाही.

घरच्यांना वाटलं, शाळेत आहे. शाळेत कुणी शोधलं नाही, कारण हजेरीत ती हजर होती.

आमच्याकडे पोरांची खोड आहे. एखाद्याला उशीर झाला की दुसरा त्याच्या नावानं ओरडतो, "हजर!" उस्ताद त्या दिवशी शेगडीत तोंड घालून फुंकर मारत होते. नाव घेतलं, "इत्तो?" मागून आलं, "हजर." त्यांनी खूण केली.

संध्याकाळी ती ओढ्याच्या वळणावर बर्फात गोठलेली सापडली.

नंतर उस्तादांनी एकेकाला विचारलं, तिच्या नावानं कोण ओरडलं? दहाही पोरांनी भाकरीवर हात ठेवून सांगितलं, "मी नाही."

भाकरीवर हात ठेवून आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही. मीसुद्धा नाही.

तर त्या मंगळवारी तपासणीचे साहेब येणार होते.

"ते दरवेळी डोळे मिटून चहा पितात," उस्ताद म्हणाले. "डोकी मोजत नाहीत. नुसते आवाज ऐकतात. इत्तोचं नाव आलं की रक्या 'हजर' म्हणेल. एवढंच."

"माझीच पोर सापडली तुम्हाला?"

"तिचा आवाज बारीक आहे. मग काय करू, तूदा? उद्यापासून तिला खिंडीतून पाठवशील?"

ताईनं पळी खाली ठेवली.

मग ती शेगडी पेटवायला गेली. थंडीत प्रत्येक पोर घरून एक लाकूड आणतं आणि दारापाशी टाकतं. त्यावरच दिवसभर शेगडी चालते. ताईनं लाकडं उचलली. मोजायची सवय तिला.

दहा पोरं आली होती.

लाकडं अकरा होती...

अकरावं ओलं होतं. सालीत बर्फ अडकलेला. आणि आठवडाभर गावात बर्फ पडला नव्हता.

"कोणी दोन आणली रे?"

सगळ्यांनी माना हलवल्या.

ताईनं ते लाकूड पडवीमागं लांब फेकलं.

अकरा वाजता साहेब आले. बाहेर इतकं धुकं की त्यांची गाडी आधी ऐकू आली, मग दिसली. पुदिन्याचा चहा घेतला. खुर्चीत बसले. डोळे मिटले.

ताई पडवीच्या दारात उभी राहिली. हजेरी सुरू झाली.

"बस्सू?"

"हजर!"

"यामना?"

"हजर!"

...

"इत्तो?"

रक्यानं तोंड उघडलं.

आवाज फुटला नाही. पोर नुसती आईकडे बघत राहिली, डोळे भरून.

शेगडीत लाकूड तडकलं.

आणि...

"हजर."

बारीक आवाज. थंडीनं दात वाजावेत तसा.

रक्याचे ओठ हलले नव्हते. ताईनं डोळ्यांनी बघितलं.

साहेबांनी डोळे उघडले. आणि कधी नव्हे ते, पेन उचलून डोकी मोजायला लागले. उस्तादांचा चेहरा चुन्यासारखा झाला. ताईनंही मनात मोजलं. दहा. पुन्हा मोजलं. दहाच.

"अकरा," साहेब म्हणाले. लिहिलं. सही केली.

शाळा वाचली.

निघता निघता दारात थांबून ते उस्तादांवर करवादले, "अहो मास्तर, लक्ष कुठंय तुमचं? त्या कोपऱ्यातल्या पोरीला शेगडीजवळ बसवा. भिजलीय ती. खाली पाणी साचलंय."

गाडी धुक्यात गेली.

कोपऱ्यातली फरशी खरंच ओली होती...

त्या दिवसानंतर उस्ताद नीट जेवले नाहीत. इत्तोचं नाव त्यांनी खोडून टाकलं. तरी हजेरी संपली की शेवटी तो आवाज यायचाच. पोरांना त्याचं काहीच वाटेना. रक्या तर भाकरीचा तुकडा त्या कोपऱ्यात ठेवायला लागली.

"ताई, रक्याला शाळेतून काढून घे," मी म्हणालो.

"आणि काय करू? तुझ्यासारखी मोकाट सोडू?" ताई फाडकन म्हणाली. मग हळूच म्हणाली, "ती इत्तो काही करत नाही रे. बिचारी नुसती बसते."

गेल्या शुक्रवारी उस्ताद पिशवी घेऊन शहरातल्या घरी निघाले. शहराकडे जाणाऱ्या ट्रकची वाट बघितली नाही. चालत, खिंडीच्या वाटेनं. "दोन दिवसांत येतो," म्हणाले.

आले नाहीत. फोन लागत नाही. शहरात त्यांच्या घरी विचारलं, तिथंही पोचले नाहीत.

वरच्यांना कळलं तर शाळेला कुलूप. म्हणून सोमवारपासून ताईच पोरांना बसवते. वाचता येत नाही, पण नावं तोंडपाठ आहेत. शेगडी पेटवते, हजेरी घेते, रक्याला पाढे म्हणायला लावते.

आज सकाळी मी दारात होतो. माझ्या कानांनी ऐकलं.

दहा पोरं बोलली. मग कोपऱ्यातून तो बारीक आवाज.

ताईनं पळी उचलली, स्वयंपाकाला वळली...

आणि त्याच कोपऱ्यातून अजून एक.

"हजर."

पुरुषाचा आवाज.

पोरं एकदम उठून उभी राहिली. रोज उस्ताद आले की राहतात तशी.

ताईनं माझ्याकडे बघितलं. नुसती म्हणाली, "दोर घे. फावडी घे. शेजारच्या हम्मूकाकांना बोलाव."

बाहेर हाका मारतायत. खिंडीत वर बर्फ सुरू झालाय. मला आता निघायलाच हवं.