चार फुटांची रेघ

ही गोष्ट खरी आहे. लाइक मिळवायला लिहीत नाहीये. आता कोणाला विचारावं तेच कळेनासं झालंय, म्हणून लिहितेय.

मागच्या वर्षी, मे महिन्यातला तिसरा रविवार. जागा सुप्याच्या पुढे, नगर-पुणे रस्त्यापासून आत असलेलं एक अम्युझमेंट पार्क. नाव लिहीत नाही.

रात्र नव्हती. दुपारचा दीड वाजला होता.

त्या दुपारपासून माझी मुलगी निकिता एक सेंटिमीटरही वाढलेली नाही.

मी रुपाली. काष्टीजवळच्या वस्तीवर अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याच्या दहा तारखेला मुलांची उंची आणि वजन घेते, नोंद करते. अकरा वर्षं हेच काम करतेय. त्यामुळे मोजण्यात चूक झाली असेल, असं कृपया कोणी लिहू नका. डोकं फिरतं माझं.

तर पार्कचं. ओम, माझा मोठा, तेव्हा बारा वर्षांचा होता. निकिता नुकतीच सात पूर्ण झालेली. या दोघांना एका ठिकाणी न्यायचं म्हणजे डोक्याला ताप. ओमला उंचावरून आपटणारे पाळणे हवेत, तिथे निकिताला कोणी दारात उभं करत नाही. निकिताचं बघावं तर बागेतली घसरगुंडी, तिथे ओम तोंड पाडून बसतो. महिनाभर घरात हीच चर्चा. ह्यांचं श्रीगोंद्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या प्रत्येकाने एकेक पार्क सुचवलं, आणि प्रत्येकाचं दुसऱ्याने खोडून काढलं.

शेवटी मोबाईलवर हे सापडलं. खाली लिहिलं होतं, सर्व वयोगटांसाठी.

सर्व वयोगटांसाठी म्हणे.

आत गेल्यावर झुकझुक गाडीवाला म्हणाला, निकिता मोठी आहे. गोल फिरणाऱ्या कपवाला म्हणाला, लहान आहे. पाण्यातल्या बोटीला मोठी. उंच झोक्याला लहान. ओम एकटाच सगळीकडे बसून आला. निकिता उन्हात प्रत्येक दारातून परत फिरत होती. रडली नाही. समोरचा हलणारा दात जिभेने ढकलत माझ्या मागे चालत राहिली. मला इतका राग येत होता की सांगता येत नाही.

मग तो जहाजाचा पाळणा आला. मोठं लाकडी जहाज, या टोकापासून त्या टोकापर्यंत झुलणारं. दाराशी एक पांढरा खांब, त्यावर लाल रेघ. चार फूट.

"कमी हाय," दारावरचा माणूस म्हणाला.

"तुमचा खांब बरोबर आहे कशावरून?"

"म्यॅडम, शेकडो पोरं मोजतो मी रोज."

"मी पण पोरंच मोजते," मी म्हणाले, आणि पर्समधून टेप काढला.

हे मागे उभे होते. म्हणाले, "अगं रुपा, जाऊ दे ना." मी ऐकलं नाही. निकिताला खांबाला लावलं. टाचा टेकव. मान सरळ. समोर बघ. टेपचं टोक तिच्या टाचेखाली दिलं आणि वर ओढला.

एकशे सोळा पॉइंट चार. चार फूट म्हणजे एकशे बावीस.

खांब बरोबर होता. मला आणखीच संताप आला.

तेवढ्यात खालून आवाज आला...

"माझी पन मोजा ना."

निकिताएवढीच मुलगी. पिवळा फ्रॉक. अनवाणी.

मे महिन्यातल्या दुपारी त्या फरशीवर बाकीची पोरं नाचत पळत होती, इतकी ती तापली होती. ही स्वस्थ उभी होती.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण एखादं मूल मोज म्हणालं की माझा हात आपोआप पुढे होतो. टाचा टेकव, म्हणाले. तिने टेकवल्या. टेपचं टोक तिने स्वतःच टाचेखाली धरलं.

एकशे सोळा पॉइंट चार.

एका रेघेचाही फरक नव्हता...

तिच्या डोक्याला बोट लागलं. गार होतं. रांजणाला हात लावल्यावर लागतं तेवढं गार.

"तुलाही नाही म्हणाले का?" मी विचारलं.

तिने मान हलवली. तिच्याकडे बघून माझी सगळी दिवसभराची चीड त्या माणसावर निघाली. मी त्याला म्हणाले, "या दोघींना मी मधे घेऊन बसते. दोघी माझ्याच आहेत."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"दोघी कोन?"

मी वळले.

निकिता एकटी उभी होती.

पण माझ्या हातातला टेप अजून ताणलेला होता. खालचं टोक फरशीला टेकलेलं. वर रिकामी हवा. मी ओढला... येईना. कोणीतरी टाचेने घट्ट दाबून धरलेला.

मग एकदम सुटला.

मी ह्यांना काही बोलले नाही. ऊन लागलं असेल असं स्वतःला समजावलं. घरी आलो.

जूनच्या दहा तारखेला निकिताची उंची घेतली. आतल्या खोलीत दाराजवळच्या भिंतीला लावून, पेन्सिलने रेघ मारून. एकशे सोळा पॉइंट चार. महिन्याभरात कितीसं वाढणार, म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर त्या रेघेच्या वर अर्ध्या सेंटिमीटरवर दुसरी रेघ...

ओमला ओरडले. तो शपथा घ्यायला लागला. मी पुसून टाकली.

जुलैत निकिता तेवढीच. दुसरी रेघ आणखी अर्धा सेंटिमीटर वर. ह्यांनी ती भिंत रंगवून घेतली. ऑगस्टमध्ये नव्या रंगावर रेघ होती, आणि आणखी वर गेली होती.

दर महिन्याला अर्धा सेंटिमीटर. निरोगी मूल वाढतं, तेवढंच.

आणि प्रत्येक दहा तारखेला, मी टेप काढायच्या आधी, त्या रिकाम्या खोलीतून आवाज यायचा...

टक्.

टक्.

भिंतीला टाचा टेकवल्याचा. अकरा वर्षं ऐकलाय मी तो आवाज. तो ओळखायला मी चुकणार नाही.

नगरला दोन डॉक्टर झाले. रक्त तपासलं, हाताचा एक्स-रे काढला. सगळं नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले, काही मुलं थांबतात, मग एकदम वाढतात. मी त्यांना निकिताचा दात दाखवला. मे महिन्यात हलत होता तो दात डिसेंबरमध्येही तसाच हलत होता. ना पडला, ना घट्ट झाला.

फेब्रुवारीत मी निकिताला जवळ घेऊन विचारलं. ती अगदी सहज बोलली.

"ती वाढतीय मम्मी. तू तिला आपली म्हनलीस ना."

"मग तू का वाढत नाहीस?"

"एकीपुरतंच वाढणं येतं आपल्या घरी. मी तिला दिलं." मग म्हणाली, "चार फूट झाली की ती जाईल. तिला त्या जहाजात बसायचंय."

मला त्या क्षणी रडू आलं, आणि त्याच क्षणी मी मनात हिशोबही केला. मे.

त्या रात्री ह्यांनाही सगळं सांगितलं. त्यानंतरचे तीन महिने आम्ही काय केलं ते लिहायची लाज वाटते. दहा तारखेला आम्ही नवराबायको आधी निकिताला मोजायचोच नाही. आधी दुसरी रेघ बघायचो. हे दुकानातून फोन करून विचारायचे, "किती झाली?" कोणाच्या तरी अनोळखी पोरीची उंची वाढावी म्हणून मी देवापुढे बसत होते.

यंदाच्या मेच्या दहा तारखेला रेघ एकशे बावीसच्या वर गेली.

पुढच्याच रविवारी आम्ही गेलो. गाडीत निकिता खिडकीकडे सरकून बसली, मधे जागा सोडून. ओमने त्या जागेवर पाण्याची बाटली ठेवली, तर तिने ती उचलून मांडीवर घेतली.

पार्कात मी कुठे बघितलं नाही. थेट मागच्या कोपऱ्यात गेले.

जहाज नव्हतं.

त्या जागेवर नवीन काहीतरी उभं होतं. लोखंडी हात, टोकाला खुर्च्या, वर नेऊन उलटं करणारं. दाराशी नवा खांब. माणूसही नवा.

"जहाज कुठाय?"

"काढलं दिवाळीत. जुनं झाल्तं."

"याला किती उंची लागते?"

"साडेचार फूट."

मी भांडले. मागच्या वर्षी चार होतं, म्हणाले. तुम्ही असं मधेच कसं बदलता, म्हणाले. लोक बघायला लागले. तो बिचारा म्हणाला, "म्यॅडम, शेफ्टी हाय. आमी काय करनार? पोरगी वाढंल की. मंग आना."

हे निकितासमोर खाली बसले. "बाळा, तिला सांग, आपण पुण्याकडं जाऊ. तिथं हाय जहाज. आत्ता निघू."

निकिताने शेजारी मान वळवली. ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाली, "न्हाई म्हनती. तिला हितंच बसायचंय."

आणि नव्या खांबाजवळून आवाज आला...

टक्.

टक्.

साडेचार फूट म्हणजे एकशे सदतीस सेंटिमीटर. अजून पंधरा. महिन्याला अर्धा.

अडीच वर्षं.

परत येताना बेलवंडीच्या पुढे निकिताच बोलली.

"मम्मी, तू रडू नको. ती म्हनती, थांबू की. तिला घाई न्हाई."

घाई मला आहे. जूनमध्ये निकिता तिसरीत जाईल. शिंप्याने गणवेशाचं माप विचारलं, तेव्हा मी मागच्याच वर्षीचा फ्रॉक त्याच्यापुढे ठेवून आले.